एचबीए१सी ७.२, तरी रोजची संध्याकाळ अवघड: ग्लुकोज सेन्सरवरून आहार बसवताना

५६ वर्षांच्या एक शिक्षिका. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची २ मिलिग्रॅमची गोळी. डोळे आणि मूत्रपिंडे ठीक. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७.२ टक्के आले, तेव्हा ‘चांगलं आहे, असंच चालू ठेवा’ असे सांगून त्यांना घरी पाठवले गेले.

त्यांची तक्रार मात्र तशीच राहिली. दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास हातपाय गळतात, घाम फुटतो, कुणी साधे काही विचारले तरी राग येतो. घरी पोचून बिस्किटांचा पुडा उघडला की तो संपेपर्यंत हात थांबत नाही. “माझा जिभेवर ताबाच नाही,” असे त्यांनी आहारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगितले, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मनापासून आवडणारा भात त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडला होता. उपाशीपोटीची साखर १५० च्या आसपास येते, म्हणून रात्रीचे जेवणही कमी करत करत वाटीभर सूप आणि कच्च्या भाज्यांवर आणले होते. एवढे करूनही सकाळचा आकडा हलत नव्हता.

हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. सेन्सर वापरणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे. शिक्षिकेच्या नोंदींचे आकडे समजावण्यासाठीचे आहेत. जिथे प्रत्यक्ष अभ्यासांचा किंवा निकषांचा उल्लेख येतो, तिथले आकडे त्या-त्या अभ्यासांचे आहेत.

सरासरीत न दिसणारा दिवस

एचबीए१सी म्हणजे साधारण दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा ताळेबंद. रोज सकाळी २४० आणि दुपारी ६० असा प्रवास करणारा माणूस आणि दिवसभर १५० च्या आसपास राहणारा माणूस, दोघांचे एचबीए१सी जवळपास सारखे येऊ शकते. बाईंची घरची तपासणीही या चढउतारांना चुकवत होती. त्या बोटाला टोचून सकाळी उपाशीपोटी आणि कधीमधी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर बघत. नाश्त्यानंतर आणि शाळा सुटताना त्यांनी कधीच मोजली नव्हती.

डॉक्टरांशी बोलून दंडावर दिवसरात्र साखर नोंदवणारा सेन्सर लावायचे ठरले. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते. ती रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. त्यामुळे साखर वेगाने चढत-उतरत असताना सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो. लावल्यानंतरचा पहिला दिवस थोडा बेभरवशाचा असतो. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की केली: अंगाला जाणवते एक आणि सेन्सर दाखवतो दुसरे, असे झाले तर बोटाला टोचून खात्री करायची. तसेच साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचे आणि गरज पडली तर तेवढेच परत घ्यायचे.

पहिले १४ दिवस खाण्यात काहीही बदल करायचा नाही, असे ठरले. हे सगळ्यात अवघड जाते. सेन्सर लागला की माणूस त्याच दिवसापासून शहाण्यासारखा खायला लागतो, आणि मग रोजच्या आयुष्याचा आलेख मिळतच नाही. फक्त काय खाल्ले, किती वाजता, झोप कशी झाली, किती चालणे झाले एवढे वहीत लिहायचे. बाई शिक्षिका असल्याने वही उत्तम ठेवली गेली, आणि पुढचे अर्धे काम त्या वहीनेच केले.

चौदा दिवस एकावर एक

अशा नोंदी वाचायची प्रचलित पद्धत म्हणजे १४ दिवसांच्या रेषा एकाच चोवीस तासांच्या पट्टीवर एकावर एक ठेवायच्या. मधली ठळक रेषा नेहमीचा दिवस दाखवते, भोवतालची छटा किती इकडे-तिकडे होते ते दाखवते. सोबत काही टक्केवाऱ्या येतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषांनुसार बहुतेक प्रौढांची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात असावी. ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी असावा आणि चढउताराचा गुणांक (सरासरीच्या तुलनेत साखर किती वरखाली होते) ३६ टक्क्यांच्या आत असावा. वयस्कर आणि साखर उतरण्याचा धोका जास्त असलेल्या लोकांसाठी ७० च्या खालची मर्यादा आणखी कडक आहे, १ टक्का.

बाईंची सरासरी आली १६०. पट्ट्यातला वेळ ६१ टक्के, १८० च्या वर ३३ टक्के, ७० च्या खाली ६ टक्के. चढउतार ४१ टक्के. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो रोजचा जवळजवळ दीड तास आहे.

आणि तो दीड तास नेमका कुठे होता? दुपारी चार ते साडेपाच. रेषा रोज तिथेच घसरत होती, काही दिवशी ५८ पर्यंत. त्यानंतर सहाच्या सुमारास उभी चढण, २२० पर्यंत. वहीत त्या वेळेसमोर एकच शब्द पुन्हा पुन्हा होता: बिस्किटे.

ज्याला बाई इतकी वर्षे स्वतःचा दुबळेपणा समजत होत्या, ती साखर उतरल्यावर शरीराने मागितलेली मदत होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, समोर जेवण असो वा नसो. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दिवसभर चालू राहतो. बाई दुपारी नुसत्या भाज्या आणि एखादे अंडे खात होत्या, कारण ‘कर्बोदके वाईट’ हे मनात पक्के बसले होते. गोळी इन्सुलिन सोडवत होती आणि ताटात त्या इन्सुलिनपुरते काही नव्हते. साखर घसरल्यावर शरीर अॅड्रेनलिन सोडते. घाम, थरथर, चिडचिड आणि अनावर भूक ही साखर उतरल्याचीच लक्षणे. अशा वेळी माणसाकडून संयमाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे असे मला वाटते. आलेखावर बोट ठेवून आहारतज्ज्ञ म्हणाल्या, “ही तुमची चूक नाही, ही साखर उतरते आहे,” तेव्हा बाई बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “मग इतकी वर्षं हे कुणी मोजलं कसं नाही?”

दुसरी गोष्ट पहाटेची. रात्री दोन-तीनच्या सुमारास ११५ वर शांत असलेली रेषा चारपासून हळूहळू वर चढून सातपर्यंत १५० ला पोचत होती, आणि त्या वेळात पोटात काहीच गेलेले नव्हते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन ही संप्रेरके वाढतात, यकृत साठवलेली साखर बाहेर सोडते, आणि मधुमेहात ती आवरायला इन्सुलिन पुरत नाही. म्हणजे बाई तीन वर्षे रात्रीच्या जेवणाला शिक्षा करत होत्या आणि साखर येत होती यकृतातून.

तिसरी गोष्ट कुणालाच अपेक्षित नव्हती. दिवसातले सर्वांत उंच शिखर नाश्त्याचे होते. ओट्स, एक केळे आणि दूध, असा सगळ्यांनी वाखाणलेला वाडगा. पाऊण ते सव्वा तासात साखर २४० च्या घरात.

एका रात्री रेषा एकदम ५२ वर आदळली आणि अर्ध्या तासात परत वर आली. बाई घाबरून उठल्या आणि बोटाला टोचले तर १०४. सेन्सर असलेल्या दंडावर झोपल्या की तिथला द्रव दाबला जातो आणि खोटा आकडा येतो. असे होऊ शकते हे आधीच सांगितलेले असल्याने त्यांनी उगाच साखर खाल्ली नाही.

आधी गोळी

आहारतज्ज्ञांना ताटापासून सुरुवात करता आली असती, पण साखर उतरत असताना पहिला निर्णय डॉक्टरांचा. नोंदी बघून त्यांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणली. रुग्णाने स्वतः गोळी कमी-जास्त करायची नाही, आलेख कितीही स्पष्ट दिसत असला तरी.

आठवड्याभरात दुपारची घसरण बरीचशी थांबली. नाश्त्यानंतरचे शिखर मात्र २६० पर्यंत गेले. बाई धास्तावल्या. गोळी कमी करून आपण बिघडवले का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्या वाडग्यात जे होते ते आता झाकले जात नव्हते, इतकेच. काम नाश्त्यावर करायचे होते.

नाश्त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला

त्या वाडग्यात ५० ग्रॅम झटपट शिजणारे ओट्स, एक मध्यम केळे आणि पेलाभर दूध. कर्बोदके ६५ ते ७० ग्रॅम. ओट्स वाईट नाहीत, केळेही नाही. पण झटपट ओट्सचे दाणे आधीच वाफवून पातळ चपटे केलेले असतात, त्यामुळे ते पटकन पचतात. त्यात वेळ सकाळची. टाइप २ मध्ये पहाटेच्या चढणीचा असर नाश्त्यापर्यंत राहतो. रात्रभरच्या उपवासाने रक्तात मुक्त स्निग्धाम्ले (शरीरातल्या चरबीतून सुटलेली) वाढलेली असतात आणि स्नायू साखर घ्यायला सुस्त असतात. दिवसाचे पहिले खाणे पोटात गेल्यावर दुसऱ्या जेवणाला शरीर बरेचदा जास्त चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच सत्तर ग्रॅम कर्बोदके सकाळी आठला आणि दुपारी एकला सारखी वागत नाहीत.

एका वेळी एकच बदल, आणि तो किमान तीन सकाळी, असा नियम ठरला. या नियमाबाबत आहारतज्ज्ञ हट्टी होत्या, आणि त्याला कारण आहे. पहिल्या पंधरवड्यात हाच वाडगा कधी २१२ ला थांबला होता, कधी २५८ ला. २५८ च्या दिवशी वहीत ‘रात्री झोप नाही’ असे लिहिलेले होते. प्रत्येक माणसाच्या अंगावर एकाच वेळी दोन कंपन्यांचे सेन्सर लावून अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात (२०२०, मधुमेह नसलेले लोक) दोन्ही सेन्सरनी जेवणांचा चांगले-वाईट क्रम वेगवेगळा लावला होता. एकदा खाऊन, एकदा बघून ‘हा पदार्थ मला चालत नाही’ असे ठरवले, तर ताट महिनाभरात रिकामे होईल. भीतीने रिकाम्या झालेल्या ताटाचे काय होते ते बाईंच्या दुपारी दिसलेच होते.

पहिला प्रयोग: वाडगा तोच, खाल्ल्यावर लगेच पंधरा मिनिटे चालणे. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. शिखर सरासरी २२० वर आले.

दुसरा: केळे काढले, ओट्स निम्मे आणि जाड दाण्याचे, दूध तेवढेच, आणि वाडग्याआधी दोन अंडी. शिखर १८५ च्या आसपास, तेही सावकाश चढलेले.

तिसरा: ओट्सच नाहीत, फक्त अंडी आणि भाज्या. शिखर १६५. आकड्याने हा सर्वांत सरस, पण अकरा वाजता भूक लागून वर्गात लक्ष लागेना, आणि चौथ्या दिवशी बाईंनी “हे मला आयुष्यभर जमणार नाही” असे सांगून टाकले.

दुसरा पर्याय निवडला आणि त्याला चालणे जोडले. शिखर १७५. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे. सर्वांत खाली असलेली रेषा निवडायचा मोह आवरला, आणि जो नाश्ता ती व्यक्ती पुढच्या वर्षीही खाईल तो निवडला. मधुमेह पुढच्या वर्षीही असणार आहे.

केळे टाकून दिले नाही. ते दुपारी चारला हलवले. तिथे साखर १०५ च्या आसपास असायची, केळ्याने ती १४५ पर्यंत जाऊन सावकाश परत यायची. बिस्किटांचा पुडा उघडायची गरज आपोआप कमी झाली.

भात परत ताटात

या टप्प्याला बाई तयार नव्हत्या. “भात खाल्ला की शुगर वाढतेच,” हे त्यांचे वाक्य ठरलेले. खरेच आहे, वाढतेच. प्रश्न किती आणि किती वेळ, हा होता.

शिजलेला भात १५० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. त्यात साधारण ४० ग्रॅम कर्बोदके. तीन दुपारी आधी भात, मग बाकीचे. तीन दुपारी आधी भाज्या आणि डाळ, दहा मिनिटांनी भात. ताटातले पदार्थ आणि प्रमाण दोन्ही वेळा तेच. आधी भात खाल्ला तेव्हा शिखर २१० च्या आसपास, शेवटी खाल्ला तेव्हा १७० च्या.

क्रमाचा हा परिणाम अभ्यासातही दिसला आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी टाइप २ च्या ११ रुग्णांना दोन वेगळ्या दिवशी तेच जेवण उलटसुलट क्रमाने दिले. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ली तेव्हा एका तासानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. फक्त अकरा माणसे, म्हणून यावरून जगाला नियम घालून देता येणार नाही. पण स्वतःवर तपासून बघायला काही धोका नाही, खर्च नाही, आणि बाईंच्या बाबतीत ते लागू पडले.

कुणाला भात चालतो आणि ब्रेड चालत नाही, कुणाचे याच्या उलट. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांच्या ४६,८९८ जेवणांचा अभ्यास करून हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवले: तेच जेवण, पण वेगवेगळ्या लोकांची साखर फार वेगवेगळी. छापील आहारतक्ता सगळ्यांना सारखा का लागू पडत नाही याचे हे एक कारण.

भात परतल्यावर दुपारची घसरण पूर्ण थांबली. यात भाताचा वाटा किती आणि कमी केलेल्या गोळीचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

सपाट आलेखाचा मोह

मधल्या आठवड्यात बाईंना स्वतःच एक शोध लागला. नाश्त्यात भरपूर चीज आणि साय घातली की रेषा छान सपाट राहते. त्या खूश होत्या. आहारतज्ज्ञांनी मात्र त्याच दिवसाची रेषा पुढे सरकवून दाखवली. चार तासांनी एक लांबट, पसरट चढण होती. स्निग्ध पदार्थ पोट रिकामे व्हायला वेळ लावतात, त्यामुळे साखर उशिरा येते. आणि महत्त्वाचे म्हणजे सेन्सर कोलेस्टेरॉल मोजत नाही, रक्तदाब मोजत नाही, मीठ मोजत नाही. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. साखरेची रेषा सुंदर करताना धमन्या बिघडवणारा आहार आपण वैयक्तिक आहार म्हणून देऊ लागलो, तर त्या उपकरणाचा उपयोग उलटाच होईल. सेन्सरभोवतीच्या उत्साहात ही बाजू फार कमी बोलली जाते, याची मला खरी काळजी वाटते.

दुसरी काळजी मनाची. तिसऱ्या आठवड्यात बाई दर पाच मिनिटांनी फोन बघू लागल्या होत्या. १८१ दिसले की घास खाली ठेवत. त्यावर ठरले असे की कमी साखरेचा इशारा चालू, जास्तीचा २५० वर, आणि आकडा बघायचा तो जेवणाआधी व दोन तासांनी. बाकी आठवड्याच्या शेवटी दोघींनी बसून बघायचे. हा बदल ताटातल्या कुठल्याही बदलाइतकाच गरजेचा होता.

तीन महिन्यांनंतर

पुन्हा १४ दिवसांच्या नोंदी घेतल्या. सरासरी १५०. पट्ट्यातला वेळ ७७ टक्के, १८० च्या वर २२, ७० च्या खाली १. चढउतार २९ टक्के. दिवसातले जवळजवळ पावणेचार तास जास्त पट्ट्यात, तेही निम्म्या गोळीवर आणि भात खाऊन.

एचबीए१सी आले ७.० टक्के. नुसत्या त्या आकड्याने बघणारा म्हणेल, एवढा खटाटोप करून फरक दोन दशांशांचाच. पण खालचे खड्डे भरले की सरासरी वर सरकते आणि वरची शिखरे कापली की खाली येते. दोन्ही एकदम घडले तर सरासरी फारशी हलत नाही. बाईंच्या संध्याकाळी मात्र पूर्ण बदलल्या होत्या.

रात्रीचे जेवण पुन्हा नीट सुरू झाले आहे, डाळ, भाज्या आणि थोडे धान्य. सूपवर असताना उपाशीपोटीची सरासरी १४६ होती, आता १४२ आहे. पहाटेची चढण तशीच आहे, आणि ती ताटातून सुटणारी दिसत नाही. औषधात काही बदल करायचा का, ते डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवतील. त्याआधी कोलेस्टेरॉलची तपासणी आहे, चीजच्या आठवड्यामुळे बाईंनी स्वतःच ती मागून घेतली. सेन्सर सध्या काढला आहे. औषध बदलले तर तो पुन्हा दोन आठवडे लावायचा. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा नाश्त्यानंतर दीड तासाने आणि एकदा दुपारी साडेचारला बोटाला टोचून बघायचे, कारण त्यांच्या दिवसातल्या अवघड जागा आता माहीत झाल्या आहेत.